मेंढीच्या नडगीवर चाललं, म्हणून माणसाच्या नडगीवर चालेल?

चौफुलीवरचा ऑर्थो (धागाकर्ता)

धुळे जिल्ह्यात हाडांची प्रॅक्टिस आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते इथे एकमेकांना कापतात, त्यामुळे नडगीची उघडी फ्रॅक्चरं आमच्याकडे रोजचीच. दुचाकीवर तिघं, समोर दिवा नसलेली कापसाची ट्रॉली, बाकी सांगायला नको. कुणाच्या हाडाचा तुकडा रस्त्यावरच राहतो, कुणाचा मेलेला आणि पू झालेला तुकडा आम्हीच काढून टाकतो. मग मधे गॅप राहतो. तो भरायला कंबरेचं हाड काढा, नाहीतर इलिझारोव्हची रिंग (पायाभोवती बाहेरून बसवायची, तारांनी हाडाला धरलेली कडी) लावून हाड सरकवा, नाहीतर बाजारात मिळणारे कृत्रिम हाडाचे दाणे भरा.

दाणे विकायला एमआर, म्हणजे कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, येतात. गुळगुळीत माहितीपत्रकात मेंढीचे दोन एक्स-रे असतात, एक खड्ड्याचा आणि एक भरलेल्या हाडाचा. खाली ठळक अक्षरांत 'मोठ्या प्राण्यांवर सिद्ध'. पेशंटचा काका विचारतो, "साहेब, एवढ्या पैशांची पुडी, गुण येईल ना?" त्याला काय सांगायचं, हा या धाग्याचा विषय.

मेंढीच का, हे आधी सांगतो. उंदराच्या हाडात माणसाची प्लेट बसत नाही आणि त्याचं हाड आपल्यासारखं आतून पोखरून नव्याने बांधलंही जात नाही. परदेशी जातीची मोठी मेंढी साठ-सत्तर किलोची, म्हणजे आपल्याच वजनाची. तिच्या नडगीवर आतल्या बाजूला आपल्यासारखीच नुसती कातडी, मांस नाही. माणसाची प्लेट, रॉड, फिक्सेटर (हाड बाहेरून धरून ठेवणारा सांगाडा) जसाच्या तसा बसतो. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला एओ या हाडं जोडण्यावर काम करणाऱ्या संस्थेची प्रयोगशाळा १९५९ साली उभी राहिली. प्लेटचा हाडावर किती दाब पडतो, प्लेटखालचं हाड का विरळ होतं, या गोष्टी तिथे मेंढीच्या पायावर मोजल्या गेल्या. आज आपण जी प्लेट हाडाला पूर्ण न चिकटेल अशी वापरतो, तिचं मूळ तिथे आहे. प्लेटखालचा रक्तपुरवठा दबतो आणि म्हणून हाड पोखरतं, हे मेंढीने दाखवलं.

मला सगळ्यात आवडतो तो १९८५चा प्रयोग. ब्रिस्टलचे पशुवैद्य गुडशिप आणि ऑक्सफर्डचे अस्थिशल्यचिकित्सक केनराइट. मेंढीची नडगी कापली, ३ मिलिमीटरचा गॅप ठेवला, फिक्सेटर लावला. एका गटात फिक्सेटर घट्ट. दुसऱ्या गटात रोज ५०० वेळा, दोन सेकंदाला एकदा, हाडाची टोकं जराशी दाबायची. सतरा मिनिटांचं काम. हललेलं हाड लवकर आणि जास्त मजबूत जुळलं. पण ते तिथेच थांबले नाहीत. नडगीच्या फ्रॅक्चरच्या पेशंटांवर चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी त्यांनी १९९१ साली छापली, आणि तिथेही हाड लवकर जुळलं. मेंढीपासून माणसापर्यंतचा रस्ता असा पायी चालावा लागतो. एमआरचं माहितीपत्रक तो उडी मारून पार करतं.

म्हणून माझे प्रश्न ठरलेले. खड्डा कुठल्या हाडात केला? नळीचा पूर्ण तुकडा काढला की टोकाच्या जाळीदार हाडात ड्रिलने भोक पाडलं? ते भोक काही न भरताही भरलं असतं का, म्हणजे रिकामा ठेवलेला गट होता का? तुलना कंबरेच्या हाडाशी केली की कशाशीच नाही? तुमच्या अनुभवाने यात भर घाला.

केळीचा घड

वाचतोय. रावेरकडे आमच्या काकांना असाच 'मसाला' भरला होता, बिलावर नाव इंग्रजीत. कशाचा होता ते आजही घरात कुणाला माहीत नाही.

गुरांचा दवाखाना

डॉक्टरसाहेब, मी पशुवैद्यक आहे, चाळीसगाव तालुक्यात. पलीकडची बाजू सांगतो.

पहिली गोष्ट वजनाची. तुमची साठ-सत्तर किलोची मेंढी पुस्तकातली. आपली दख्खनी मादी तिशीच्या आसपास, नर चाळिशीकडे. आमच्याकडे बिलाखेडला महामंडळाचं मेंढी-शेळी प्रक्षेत्र आहे, तिथली मेंढरं बघून या म्हणजे अंदाज येईल. तुमची मोठ्या माणसाची जाड प्लेट तिच्या नडगीवर ठेवलीत तर हाडापेक्षा प्लेटच दणकट होईल. त्यामुळे भारतात कुणी 'मेंढीवर केलं' म्हणालं की जात आणि वजन विचारावं.

दुसरी गोष्ट भुलीची. रवंथ करणाऱ्या जनावराला आडवं पाडलं की पोटात गॅस धरतो, पोटातलं पाणी घशात येतं, ते फुप्फुसात गेलं की खेळ संपला. म्हणून आधी उपाशी ठेवायचं, नळी टाकायची, पोट फुगतंय का बघत राहायचं. झायलाझिन हे आमचं नेहमीचं औषध घोड्याला लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्यात गाईगुरांना पुरतं, आणि मेंढीत तर फुप्फुसात पाणी भरण्याचीही भीती. माणसांचे सर्जन पेपरात ऑपरेशनची चार पानं लिहितात आणि भुलीला एक ओळ देतात. मेंढ्या टेबलावर किती गेल्या, हे त्या एका ओळीत शोधावं लागतं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. मेंढीला 'सहा आठवडे पाय टेकवू नकोस' असं सांगता येत नाही. भूल उतरली की ती उभी राहते, आणि उभी राहिली की चारही पायांवर. काही ठिकाणी पोटाखाली झोळी बांधून ठेवतात. पण एकटी ठेवली तर खात नाही, ओरडत राहते, म्हणून शेजारी दुसरी मेंढी दिसेल अशी सोय करावी लागते. शिवाय गाभण मेंढ्या प्रयोगशाळेत आणायच्या नाहीत हा कडक नियम. त्यांच्यामुळे माणसांना क्यू फीवर हा जनावरांकडून येणारा ताप झाल्याचे प्रकार परदेशातल्या संशोधन केंद्रांत घडले आहेत.

ठेलारी वाड्याकडचा

राम राम भो. मेंढीले काय समजस? तिना पाय मोडना तं ती कोनले सांगस?

आम्ही साक्रीकडचे. लहानपण मेंढरांमागेच गेलं. कोकराचा पाय मोडला की आजोबा बांबूच्या कामट्या लावून चिंधी गुंडाळायचे, खाली-वर मोकळं ठेवायचे. कोकरू जगलं तर पाय बहुतेक जुळायचाच, कधी वाकडा, कधी सरळ. मोठ्या मेंढीचं मात्र तसं नसायचं. म्हणून विचारतो, तुमच्या प्रयोगातल्या मेंढ्या किती दाती असतात? कोवळ्या मेंढीवर काय, काहीही धरतं.

गुरांचा दवाखाना

@ठेलारी वाड्याकडचा, प्रश्न नेमका विचारलात.

बहुतेक प्रयोगांत दोनदाती ते सहादाती मेंढ्या असतात, म्हणजे दीड ते तीन-साडेतीन वर्षांच्या. या वयात मेंढीचं हाड विटांच्या थरांसारखं रचलेलं असतं, आत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. मोठ्या माणसाच्या हाडात असतात तशी गोल-गोल वर्तुळं, म्हणजे हॅव्हर्सियन रचना, मेंढीत ठळकपणे येते ती सात-नऊ वर्षांची झाल्यावर. पण त्या वयाची, दात झिजून पडायला लागलेली मेंढी तुम्ही वाड्यात ठेवता का? आधीच विकता. मग प्रयोगशाळेला सारख्या वयाची, सारख्या वजनाची वीस-पंचवीस म्हातारी मेंढरं मिळणार कुठून? शिवाय मेंढीच्या टोकाकडचं जाळीदार हाड माणसाच्या मानाने घट्ट असतं, स्क्रू त्यात छान धरतो. तुमच्या सत्तरीच्या आजीच्या खुब्यात तोच स्क्रू निसटतो.

अनुकंपा

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण एक गोष्ट सगळे टाळताय. पाय आधी मुद्दाम मोडायचा, मग जोडायचा, आणि शेवटी हाड सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं म्हणून जनावर मारायचं. 'मेंढी चारही पायांवर उभी राहते' हे तुम्हाला प्रयोगातली अडचण वाटते, तिला वेदना होते म्हणून नाही. आणि आधी हेच कुत्र्यांवर व्हायचं. लोकांना सहन होईना म्हणून मेंढी आली. कुत्रा घरातला म्हणून सुटला, मेंढी कळपातली म्हणून अडकली.

चौफुलीवरचा ऑर्थो

@अनुकंपा ताई, कुत्र्यांबद्दल म्हणता ते खरं आहे. प्लेटने घट्ट दाबलेलं हाड कॅलस (जोडाभोवती येणारी नव्या हाडाची गाठ) न होता सरळ जुळतं, हे शेंक आणि विलेनेगर यांनी १९६३ साली कुत्र्याच्या पुढच्या पायावर दाखवलं. सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्हांचे हाड लांबवण्याचे प्रयोगही कुत्र्याच्या नडगीवरचे. दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढलं तर हाड वेळेआधीच जुळून बसतं. दोन मिलिमीटरने नवं हाड नीट होत नाही आणि आजूबाजूच्या ऊती खराब होतात. एक मिलिमीटर बरोबर, तेही चार वेळा पाव-पाव करून. हे प्रयोग इंग्रजीत १९८९ साली आले. माझ्या वॉर्डात रिंग लावलेला माणूस दिवसातून चारदा नट फिरवतो, तो आकडा कुत्र्यांनी दिलेला आहे. मी ते वापरतो आणि वर प्राणीप्रयोग वाईट म्हणतो, असं मला करता येणार नाही.

पण एक म्हणेन. जो प्रयोग आधीच झालाय तो नुसत्या माहितीपत्रकासाठी पुन्हा करणं, किंवा तुलनेचा गटच न ठेवता करणं, हे मात्र जनावर वाया घालवणं आहे. तुमचा राग तिथे असेल तर मीही तुमच्याच बाजूचा.

अनुकंपा

रागाची जागा तीच एक नाही, पण तिथे सहमत.

सातपुड्याची सिस्टर

मी नंदुरबार जिल्ह्यात काम करते. आमच्याकडे नडगीपेक्षा खुबा मोठा. सिकल सेलचे तरुण, विशी-पंचविशीतले, खुब्याचा गोळा रक्ताविना मरून खचलेला. भिल्ल, पावरा पोरं, शेतात आणि गुजरातेत मजुरीला जाणारी. बैठं काम नाही, बसून खाणं परवडत नाही. सांधा बदलायचा तर वय कोवळं, आयुष्यात पुन्हा-पुन्हा बदलावा लागणार. गोळा खचण्याआधी थांबवायचं औषध किंवा ऑपरेशन यावर प्राण्यांत काही झालंय का? मेंढीत होतं का असं?

चौफुलीवरचा ऑर्थो

ताई, या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न तुमचा आहे.

मेंढीत, कुत्र्यात गोळ्याचा रक्तपुरवठा मुद्दाम तोडता येतो, हाड मरतंही. पण ते माणसासारखं खचत नाही. चार पायांचं जनावर दुखरा पाय उचलून तिघांवर भार टाकतं, आणि हाड तोवर भरून येतं. म्हणून अमेरिकेतल्या आयोवातल्या लोकांनी दोन पायांचा प्राणी शोधला, इमू. त्याच्या खुब्याचा गोळा द्रव नायट्रोजनने गोठवून मारला, तेव्हा तो माणसासारखा खचला आणि पक्षी लंगडू लागला. लहान मुलांच्या पर्थेस आजारासाठी, म्हणजे त्यांच्या खुब्याचा गोळा रक्ताविना मरतो त्यासाठी, डुकराची पिल्लं वापरतात. मांडीच्या हाडाच्या मानेभोवती घट्ट दोरा बांधून रक्त अडवतात.

पण यातल्या एकाही प्राण्याला सिकल सेल नाही. गोठवून मारलेलं हाड आणि विळ्याच्या आकाराच्या पेशींनी वर्षानुवर्षं थोडं-थोडं अडवलेलं हाड, दोन्हींत फरक आहे. तुमच्या पोरांत हाडाच्या आतला मगजही सततचा आजारी. सिकल सेलचे उंदीर जनुकं बदलून तयार केलेत, मोठा प्राणी नाही. गंमत म्हणजे हरणांच्या काही जातींत लाल पेशी काचेच्या पट्टीवर विळ्यासारख्या होतात, हे १८४० सालापासून माहीत आहे, आणि हरणाला त्याने काहीच होत नाही.

म्हणजे तुमच्या पेशंटांसाठी इमू निम्माच उपयोगी. गोळा खचतो कसा ते सांगेल, मरतो का ते नाही.

केळीचा घड

इमू! आपल्याकडे इमूपालनाचं वेड आलं होतं ते आठवलं. अंडी विकू, तेल विकू म्हणत लोकांनी शेड बांधली आणि शेवटी खायला घालायला परवडेना म्हणून मोकाट सोडले. तेव्हा कुणी सांगितलं असतं की याचा खुबा जगात एवढा महत्त्वाचा आहे!

(अवांतराबद्दल क्षमस्व.)

आकडेमोड

गुडघ्याच्या कूर्चेबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. माणसाच्या गुडघ्यातली कूर्चा साधारण सव्वादोन-अडीच मिलिमीटर जाड. घोड्याची पावणेदोनच्या आसपास, शेळीची एकाहून थोडी जास्त, मेंढीची निम्म्या मिलिमीटरच्या आसपास. मेंढीच्या कूर्चेत 'फक्त वरवरचा' खड्डा करायला गेलात तरी हात खालच्या हाडात जातो, तिथून रक्त आणि मगज वर येतो आणि त्यानेच काही भरून निघतं. मग गुण औषधाचा की मगजाचा, सांगा बघू.

शिवाय सहा-आठ मेंढ्यांच्या गटात एक मेंढी पडली, दुसरीचा स्क्रू तुटला, तर सरासरी कुठल्या कुठे जाते. कुठली मेंढी कुठल्या गटात हे चिठ्ठीने ठरवलं का, एक्स-रे वाचणाऱ्याला गट माहीत होता का, गळलेल्या मेंढ्यांचं काय केलं, हे सगळं लिहायलाच हवं असे अराइव्ह नावाचे नियम २०१०पासून आहेत, २०२० साली सुधारून पुन्हा आले. माहितीपत्रकावर यातलं काही नसतं, पण मूळ पेपर मागता येतो. मागितल्यावर एमआरचा चेहरा बघण्यासारखा असतो.

चौफुलीवरचा ऑर्थो

@आकडेमोड, मागितला. दोन-तीनदा फोन केल्यावर आला.

खड्डा मेंढीच्या मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, जाळीदार हाडात, ड्रिलने पाडलेलं भोक. चारही बाजूंनी हाडाच्या भिंती. वजन त्या भोकावर थेट पडत नाही. माझ्या पेशंटला हवं होतं ते नळीच्या हाडातला तुटलेला तुकडा भरून काढणं. दोन्हींचा संबंध नाही. मेंढीच्या नडगीचा साधारण ३ सेंटिमीटरचा तुकडा काढला तर तो आपणहून भरत नाही, आणि नुसत्या दाण्यांनीही सहसा भरत नाही. त्यावर काम झालंय ते बहुतेक पेशी, वाढीची प्रथिनं किंवा दोन्ही मिसळून. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतही शेळीच्या मांडीच्या हाडावर, सिरॅमिकमध्ये पेशी मिसळून असं काम झालेलं आहे.

वाढीच्या प्रथिनांचंही एक सांगतो. बीएमपी-२ या हाड वाढवणाऱ्या प्रथिनाला अमेरिकेत २००२ साली कंबरेच्या मणक्यासाठी परवानगी मिळाली. लहान प्राण्यांत थोड्या मात्रेत हाड व्हायचं, माकडांत आणि माणसांत मात्रा कितीतरी वाढवावी लागली. मग मानेच्या मणक्यात वापरल्यावर गळा सुजून श्वास अडण्याचे प्रकार झाले आणि २००८ साली त्यांच्या एफडीएला, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या खात्याला, इशारा द्यावा लागला. मात्रा वाढली की काय होईल, ते कमी मात्रेच्या प्राण्याला विचारून कळत नाही.

एमएस दुसरं वर्ष

सर, मी खान्देशातल्याच एका मेडिकल कॉलेजला ऑर्थोचा रेसिडेंट आहे. थीसिससाठी शेळीवर प्लेटिंगचा छोटा प्रयोग करावा असं मनात होतं, त्या निमित्ताने हातही बसेल. आपली शेळी भरपूर मिळते. शक्य आहे का?

गुरांचा दवाखाना

डॉक्टर, 'त्या निमित्ताने हात बसेल' हे वाक्य अर्जात लिहू नका, आणि मनातूनही काढा. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम १७ वाचा. नुसतं हस्तकौशल्य मिळवायला प्रयोग शक्यतो करायचे नाहीत, आणि जे लहान प्राण्यावर कळतं त्यासाठी मोठा प्राणी टाळायचा, दोन्ही तिथे लिहिलेलं आहे. कॉलेजच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी उंदीर-सशाला पुरते. शेळी-मेंढीसाठी फाईल दिल्लीला केंद्रीय समितीकडे जाते. तिला आधी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए. नोंदणीकृत प्राणीगृह, पूर्णवेळ पशुवैद्य, ऑपरेशननंतरच्या देखभालीचा खर्च, सगळं दाखवावं लागतं. तुमच्या थीसिसच्या मुदतीत हे बसणार नाही.

आपली सुरती शेळी, जिला खान्देशी किंवा नंदुरबारीही म्हणतात, ती दुधाची. तिला राहू द्या.

हात बसवायचा तर बाजारातून खाटकाकडची ताजी तंगडी आणा, नडगी सोलून घ्या, प्लेट लावा, मोडून बघा. प्लेट वाकते कुठे, स्क्रू कितीला सुटतो, हे मोजायचा थीसिससुद्धा होतो, आणि त्याला दिल्लीची फाईल लागत नाही. फक्त कॉलेजच्या समितीला आधी विचारून ठेवा.

एमएस दुसरं वर्ष

धन्यवाद सर. इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये हाड दाबायचं मशीन आहे का बघतो.

ठेलारी वाड्याकडचा

ऑर्थो भाऊ, मग त्या पुडीचं काय केलं? पेशंटच्या काकाला काय सांगितलं?

चौफुलीवरचा ऑर्थो

त्या पेशंटला नाही वापरली. त्याला रिंग लावली आहे, नट फिरवणं सुरू आहे.

पण पुडी फेकलीही नाही. गुडघ्याखाली नडगीचं डोकं खचतं, सांध्याचा पृष्ठभाग वर उचलला की खाली पोकळी राहते, चारही बाजूंनी हाड. मेंढीतल्या त्या भोकाशी याचं पुष्कळ जुळतं. आणि इथे माणसांवरचाही पुरावा आहे. कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट आणि कंबरेचं हाड यांची चिठ्ठ्या टाकून तुलना २००८ साली छापून आली, सिमेंटवर सांध्याचा पृष्ठभाग कमी खचला. माझ्या पुडीत दाणे आहेत, सिमेंट नाही, तेवढा फरक धरून चालतो. दुसऱ्या एकाला, गुडघ्याच्या तशा फ्रॅक्चरला, घरच्यांना सगळं सांगून वापरली. कंबर कापावी लागली नाही.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. पेपरात मेंढ्यांचं वय महिन्यांत दिलंय. तुमच्या हिशेबाने चारदाती.